नांदायला नाही म्हणणाऱ्या रखमाबाई

मैत्रिणींनो, डॉ. रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लागलं, पण त्या माहेरीच राहून शिकल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी उभे राहिले. सख्खेसुद्धा राहत नाहीत हो!

१८८४ मध्ये नवऱ्याने बायको नांदायला यावी म्हणून हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. १८८७ मध्ये मात्र उलटं झालं, नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंग. बाविशीतल्या पोरीने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. चोरी नाही, मारामारी नाही, नुसतं नको म्हटलं, तर ही शिक्षा! पुढच्या वर्षी २००० रुपयांवर तडजोड झाली. या खटल्याच्या गदारोळानेही १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याला बळ दिलं. वय १० चं १२ झालं, एवढंच.

त्या विलायतेत डॉक्टरकी शिकल्या, सुरत-राजकोटला दवाखाने सांभाळले. १९५५ मध्ये गेल्या. त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून नांदायला येण्याचा दावा राहिलाच. आमच्या उल्हासनगरातही बायकांना अशा नोटिसा येतात. आता तुरुंग नाही, हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. नोटीस आली तर तारीख चुकवू नका. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, बाईला तो फुकट मिळतो.