लहरींचा लहरीपणा ओळखणारा मार्कोनी

बिनतारी संदेशवहनाचे प्रवर्तक म्हणून गुग्लिएल्मो मार्कोनी यांचे नाव सर्वतोमुखी आहे. मात्र त्यांच्या आयुष्याचा खरा झगडा अंतराशी होता, त्याहून अधिक तो वातावरणाच्या लहरीपणाशी होता. या झगड्यात उमेदीच्या काळातली स्वतःचीच मते त्यांना उत्तरायुष्यात मोडावी लागली.

२५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे त्यांचा जन्म झाला. वडील सधन जमीनदार, तर आई आयरिश होती. १८९५ मध्ये घराजवळच्या टेकडीपलीकडे विद्युतचुंबकीय लहरींनी खूण पोहोचवण्यात त्यांना यश आले. पुढच्याच वर्षी ते लंडनला गेले आणि १८९७ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी उभारली.

एकाच परिसरात दोन केंद्रे बोलू लागली की संदेशांची सरमिसळ होई. त्यावर त्यांनी १९०० मध्ये ७७७७ क्रमांकाचे पेटंट घेतले. प्रेषक आणि ग्राहक एकाच लहरलांबीवर जुळवून घेण्याची ही युक्ती होती. परंतु जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्रात्यक्षिकाच्या वेळी नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराने जवळूनच टवाळीचे संदेश सोडले आणि ते यंत्रावर उमटले. जुळवणी म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हे साऱ्यांना दिसले.

निसर्गाने दिलेला धडा याहून मोठा होता. डिसेंबर १९०१ मध्ये कॉर्नवॉलमधून निघालेली खूण न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले. दोनच महिन्यांनी फिलाडेल्फिया जहाजावर त्यांना आढळले की रात्री २,००० मैलांपलीकडूनही मिळणारी खूण दिवसा सुमारे ७०० मैलांवरच विरते. यावर त्यांनी शोधलेला उपाय होता अधिक वीज, अधिक उंच मनोरे आणि अधिक लांब लहरी. सारे जग त्याच वाटेने गेले. १९०९ मध्ये फर्डिनांड ब्राउन यांच्यासह त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इटलीच्या नौदलासाठी प्रयोग करताना ते पुन्हा आखूड लहरींकडे वळले. चार्ल्स फ्रँकलिन या सहकाऱ्याच्या साथीने त्यांनी या लहरी परावर्तकाने एकाच दिशेला वळवल्या. पुढे एलेत्रा या आपल्या नौकेवर त्यांनी लहरींची लांबी बदलत दूरदूरच्या सागरांत चाचण्या घेतल्या. १९२४ मध्ये निष्कर्ष हाती आला : दिवसा अधिक आखूड लहरी उत्तम चालतात, रात्री त्याहून लांब. वातावरणावर बळजबरी करण्याऐवजी त्याच्या कलाने घ्यावे, हे त्याचे सार. लांब लहरींच्या मार्गावर जगाला आपणच नेले, अशी कबुलीही त्यांनी पुढे जाहीरपणे दिली.

या शोधाचे एक टोक महाराष्ट्राच्या मातीत रोवले गेले. सप्टेंबर १९२७ मध्ये इंग्लंड व भारत यांच्यातील झोतलहरींची सेवा सुरू झाली. पुण्याजवळील खडकी येथे प्रेषण केंद्र होते, तर ग्रहण केंद्र दूर दौंडला. स्वतःच्याच प्रबळ प्रेषणाने येणारी क्षीण खूण बुडू नये, म्हणून ही फारकत. दिवस-रात्रीनुसार लहरलांबी बदलली जाई आणि सारी शक्ती एकाच दिशेला जात असल्याने कमी विजेत काम भागे. समुद्रतळाच्या तारांना त्यामुळे स्वस्त प्रतिस्पर्धी लाभला.

१९३३ मध्ये त्यांनी व्हॅटिकन आणि पोपच्या उन्हाळी निवासस्थानादरम्यान सूक्ष्मलहरींचा दूरध्वनी दुवा जोडून दिला. या कीर्तीला डागही होता : १९२३ मध्येच ते मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात सामील झाले होते. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. आदरांजली म्हणून ब्रिटनमधील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली.

आज दोन मनोऱ्यांमधला सूक्ष्मलहरींचा दुवा पाऊस वाढला की संदेशाचा वेग आपोआप उतरवतो आणि आकाश निवळताच पुन्हा चढवतो. खडकी-दौंडला माणसाच्या हाताने, दिवसातून मोजक्या वेळा होणारा बदल आता यंत्र क्षणार्धात करते. परिस्थिती पाहून बोलण्याची रीत मात्र तीच आहे.