जॉर्ज स्टेलर : शीतसागराचा अभ्यासक

पौष-माघातील पहाटे मंठाळच्या माळावर गारठा अंगाला झोंबू लागला म्हणजे आपण घोंगडी लपेटून घेतो आणि शेकोटी जवळ करतो. परंतु ज्या समुद्राचे पाणी हिवाळ्यात गोठू लागते, त्या समुद्रातही आपल्यासारखेच उष्ण रक्ताचे, फुप्फुसांनी श्वास घेणारे आणि पिलांना दूध पाजणारे प्राणी राहतात. त्यांना घोंगडी कोण देतो आणि त्यांची शेकोटी कोठे पेटते? या प्रश्नाचा मागोवा घेण्यास ज्यांनी आरंभ केला, त्यांत जॉर्ज विल्हेल्म स्टेलर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. त्याने हे ज्ञान ग्रंथालयात बसून मिळविले नाही. एका निर्मनुष्य बेटावर, मृत्यूच्या छायेत, एक संपूर्ण हिवाळा काढून ते मिळविले.

स्टेलरचा जन्म १७०९ साली जर्मनीतील विंड्सहाइम या गावी झाला. प्रथम त्याने धर्मशास्त्राचे अध्ययन केले. परंतु त्याचे मन रमले ते वनस्पती, प्राणी आणि वैद्यक यांत. मायदेशी मनासारखे स्थान मिळेना, म्हणून १७३४ साली तो रशियाची तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे गेला. त्या काळी रशियाच्या सरकारने डॅनिश दर्यावर्दी व्हायटस बेरिंग याच्या नेतृत्वाखाली पूर्व सीमेपलीकडील अज्ञात सागराचा शोध आरंभिला होता. स्टेलर या मोहिमेत सामील झाला. सैबेरियाचा अफाट प्रदेश ओलांडून १७४० साली तो कामचाटका द्वीपकल्पात पोहोचला आणि १७४१ च्या उन्हाळ्यात बेरिंगच्या जहाजावर चढला.

त्या वर्षी जुलै महिन्यात अलास्काच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर त्याला पाऊल ठेवता आले. निरीक्षणासाठी अवघे दहा तास मिळाले. तेवढ्या अवधीत त्याने वनस्पती गोळा केल्या, मनुष्यवस्तीच्या खुणा शोधल्या आणि एका निळ्या पक्ष्यावरून ही भूमी अमेरिकेचीच होय, असे अनुमान बांधले. परतीच्या वाटेवर मात्र दुर्दैव ओढवले. ताज्या अन्नाच्या अभावी खलाशांना स्कर्व्ही रोगाने ग्रासले. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, हातापायांतील बळ गेले. वाटेतील एका बेटावर स्टेलरने गोड्या पाण्याचा झरा दाखविला असता अधिकाऱ्यांनी त्याचे ऐकले नाही. किनाऱ्याजवळच्या डबक्यातील मचूळ पाणी भरून घेतले. शास्त्रज्ञाचा सल्ला त्यांना लुडबूड वाटे. अखेर नोव्हेंबर १७४१ मध्ये वादळांनी जर्जर झालेले ते जहाज एका ओसाड बेटाला लागले आणि पुढे किनाऱ्यावर फेकले जाऊन फुटले. आज ते बेट बेरिंगच्या नावाने ओळखले जाते. त्यावर एकही मोठे झाड नव्हते. वाळूत खड्डे खणून, त्यांवर वाहून आलेली लाकडे व शिडाचे कापड अंथरून माणसे राहिली. कोल्ह्यांच्या झुंडी मृतांचे देह कुरतडीत आणि आजाऱ्यांनाही सोडीत नसत. डिसेंबरमध्ये खुद्द बेरिंगने प्राण सोडला.

या संकटात माणसांना जीवदान दिले ते समुद्रातील प्राण्यांनी. प्रथम हाती लागले समुद्री पाणमांजर. त्याच्या ताज्या मांसाने आणि पुढे वसंत ऋतूत स्टेलरने शोधून आणलेल्या हिरव्या पाल्याने रोग हटू लागला. मात्र स्टेलर केवळ वैद्य म्हणून थांबला नाही. ज्यांच्यावर आपण जगत आहोत ते प्राणी या थंडीत कसे जगतात, हे तो बारकाईने पाहू लागला. शाई, कागद आणि नकाशे कोल्हे पळवून नेत, तरीही त्याची लेखणी थांबली नाही.

समुद्रात टिकाव धरणे किती कठीण आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी जलद शरीराची उष्णता हिरावून घेते. यावर निसर्गाने एकच नव्हे, तर निरनिराळे उपाय योजिले आहेत, आणि स्टेलरच्या बेटाभोवती त्यांतील तीन एकत्र नांदत होते.

पहिला उपाय समुद्री पाणमांजराचा. त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर नसतो. त्याचे सारे संरक्षण लोकरीत असते. माणसाच्या सबंध डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. या प्राण्याच्या अंगावर जेथे लोकर दाट असते, तेथे एका चौरस सेंटिमीटरमध्येच त्याहून अधिक केस असतात. त्यांत हवा कोंडून राहते आणि पाणी कातडीला स्पर्श करीत नाही. ही लोकर मळली तर हवा टिकत नाही, म्हणून तो प्राणी तासन् तास अंग साफ करीत असतो. देहाची भट्टी पेटती ठेवण्यासाठी रोज स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ चतुर्थांश इतके अन्नही त्याला लागते.

दुसरा उपाय लोकरी सीलचा. आपल्याकडील धनगर चाऱ्यापाण्यासाठी मेंढरे घेऊन जसे देशांतर करतात, तसे हे सील हिवाळ्यात दक्षिणेकडील खुल्या सागरात जातात आणि वसंतात विणीसाठी पुन्हा त्याच बेटांवर येतात. १७४२ च्या वसंतात त्यांचे कळप किनाऱ्यावर उतरले, ते स्टेलरने पाहिले व नोंदविले. सील व देवमासे यांच्या देहातील आणखी एक युक्ती पुढील काळातील शास्त्रज्ञांनी शोधून काढली. त्यांच्या वल्ह्यासारख्या अवयवांत उष्ण रक्त नेणाऱ्या धमन्यांना थंड रक्त आणणाऱ्या शिरा वेढून असतात. जाणाऱ्या रक्ताची ऊब येणाऱ्या रक्ताला मिळते आणि ती समुद्रात वाया जात नाही.

तिसरा उपाय प्रचंड देह आणि चरबी यांचा. हा होता समुद्रगायीचा. हा अजस्र, निरुपद्रवी प्राणी त्या किनाऱ्यावर बारमाही राहत असे. स्टेलरने मोजलेली मादी सुमारे साडेसात मीटर लांब होती. तिचा अन्नमार्ग जवळजवळ दीडशे मीटर भरला. झाडाच्या सालीसारखी खरबरीत जाड कातडी आणि तिच्याखाली चरबीचा चांगला चार बोटे थर, असे तिचे कवच होते. तरीही हिवाळा तिला सोपा जात नसे. त्या दिवसांत तिचे खाद्य असलेले समुद्रशैवाल दुर्मिळ होई. तेव्हा ती इतकी कृश होई की तिच्या फासळ्या व पाठीचे मणके मोजता येत, हे स्टेलरने लिहून ठेविले आहे. काही समुद्रगायी बर्फाखाली गुदमरून मरत. म्हणजे उन्हाळ्यात साठविलेली चरबी हीच त्यांची हिवाळ्याची कणगी होती. कळपातील एकीला भाला लागला तर इतर तिला सोडविण्यास धावत. मादी मेल्यावर नर दोन दिवस किनाऱ्याकडे येत राहिला, हेही त्याने पाहिले.

१७४२ च्या उन्हाळ्यात समुद्रगायीच्या मांसावर धडधाकट झालेल्या खलाशांनी मोडक्या जहाजाच्या फळ्यांतून लहान गलबत बांधले आणि ऑगस्टमध्ये ते कामचाटकाला परतले. जहाजावरील सुमारे तीस माणसे दगावली होती. ४६ जण वाचले. त्यांच्याबरोबर पाणमांजरांची शेकडो मौल्यवान कातडी होती. त्या कातड्यांनी व्यापाऱ्यांचे डोळे दिपले. स्टेलर मात्र आपल्या टिपणांनाच धन मानीत होता. कामचाटकातील मूळ रहिवाशांवर होणारा अन्यायही त्याला साहवला नाही. त्याने काही बंदिवानांना मुक्त केले. त्यापायी त्याच्यावर आरोप आले आणि राजधानीकडे परतताना त्याला अटक झाली. पुढे सुटका झाली. परंतु प्रवासात ज्वराने गाठले आणि नोव्हेंबर १७४६ मध्ये सैबेरियातील ट्युमेन येथे वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. समुद्री प्राण्यांवरील त्याचा ग्रंथ १७५१ साली, म्हणजे त्याच्या पश्चात, प्रसिद्ध झाला.

त्यानंतरची हकीकत विषण्ण करणारी आहे. कातड्यांच्या लोभाने शिकाऱ्यांची जहाजे त्या बेटांकडे धावू लागली. समुद्रगायीला खोल बुडी मारता येत नसे. त्यामुळे तिला मारणे सोपे आणि तिचे मांस खलाशांना विनामूल्य. १७६८ नंतर ती कोणालाही दिसली नाही. स्टेलरने तिला पाहिल्यापासून सत्तावीस वर्षांत ती जात नामशेष झाली. जिवंत समुद्रगायीचे निरीक्षण करून वर्णन लिहिणारा निसर्गशास्त्रज्ञ स्टेलर हा एकटाच! पाणमांजरही संपत आले होते. १९११ साली चार राष्ट्रांनी करार केला तेव्हा अवघी एक-दोन हजार उरली असावीत. संरक्षण मिळाल्यामुळे ती जात वाचली.

विद्यार्थिमित्रहो, सहस्रावधी वर्षे जे प्राणी बर्फाला पुरून उरले, ते माणसाच्या लोभापुढे तीन दशकेही टिकले नाहीत. ज्या लोकरीने आणि चरबीने त्यांना हिवाळ्यात तारले, तीच त्यांच्या नाशास कारण झाली. या समुद्रगायीची एक नातलग आपल्या देशात उष्ण समुद्रात अद्याप आहे. तिला ड्युगाँग म्हणतात. मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचे आखात आणि अंदमान येथे ती तुरळक आढळते. २०२२ साली तमिळनाडू सरकारने पाल्कच्या उपसागरात तिच्यासाठी राखीव क्षेत्र घोषित केले. स्टेलरच्या काळी असे कोणी केले नाही. भुकेल्या पोटी, थिजलेल्या हातांनी त्याने जे लिहिले, त्यामुळे आपण काय गमावले हे तरी आज जगाला कळते. डोळे उघडे ठेवून पाहणे आणि पाहिलेले प्रामाणिकपणे नोंदविणे, हे त्याचे व्रत आपल्यालाही आचरता येण्याजोगे आहे. फक्त एवढे ध्यानी असावे, की जे पाहिले त्याची नोंद ठेवणे हा ज्ञानाचा आरंभ होय. ते राखणे ही त्याची पूर्तता.