प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज : नवव्या महिन्यात गेलेली दृष्टी

स्मरणिकेसाठी आरोग्यावर काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. मी डॉक्टर नाही, संगणकासमोर बसून कोड लिहिणारी इंजिनिअर आहे. पण आपली बॅच आता चाळिशी ओलांडून पुढे गेली आहे. आपल्या ग्रुपवर कुणी नव्या चष्म्याचा फोटो टाकतं, कुणी आईच्या मोतीबिंदूसाठी परभणीत कुठे दाखवावं म्हणून विचारतं, आणि पाच मिनिटांत कुणीतरी डोळ्यात घालायचा घरगुती उपाय पाठवतं. असा उपाय वाचला की मला एका थोर माणसाचं चरित्र आठवतं. म्हणून नुसती सल्ल्यांची यादी न देता ते चरित्रच सांगते.

आपल्या जिल्ह्याला संतांची चरित्रं नवी नाहीत. गंगाखेडच्या जनाबाई आपल्याच. हे संत मात्र शेजारच्या वऱ्हाडातले आणि काळाने आपल्याला बरेच जवळचे. गुलाबराव महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळी इथे झाला. वडील गोंदुजी मोहोड हे चांदूर बाजार तालुक्यातल्या माधान गावचे, आईचं नाव अलोकाबाई. साधं कुणबी कुटुंब. बाळ नऊ महिन्यांचं असताना त्याच्या डोळ्यांत चुकीचं औषध घातलं गेलं आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी कायमची गेली. चरित्रात ही गोष्ट एका वाक्यात येते आणि आपण पुढे जातो. मला मात्र तिथेच थोडं थांबावंसं वाटतं.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ राहतो. त्याला खोल जखम झाली, जंतूंनी खाल्लं किंवा दाहक पदार्थाने भाजलं, की ती जखम भरून येताना पांढरा डाग राहतो. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडणं म्हणतात. आतलं सगळं धड असलं तरी उजेड आत पोचत नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्याचा मेंदू त्या महिन्यांत बघायला शिकत असतो. चित्रच पोचलं नाही तर तो शिकायचा राहतो, आणि पुढे डोळा दुरुस्त झाला तरी नीट दिसत नाही. म्हणून लहान मुलाच्या डोळ्याच्या तक्रारीत आठ दिवस वाट बघू, असं कधीच करू नये.

योगायोग असा, की महाराजांच्या जन्माच्याच वर्षी, १८८१ मध्ये, जर्मनीतल्या लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी आपला एक साधा उपाय प्रसिद्ध केला होता. जन्मताना आईकडून लागणाऱ्या जंतूंमुळे अनेक बाळांचे डोळे जात. क्रेडे यांनी प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा सौम्य थेंब टाकायला सुरुवात केली. त्यांच्या रुग्णालयात हा आजार होणाऱ्या बाळांचं प्रमाण शंभरात दहावरून एकाच्याही खाली आलं. थेंब तोच, एवढासा. योग्य पडला तर डोळे वाचवतो, चुकीचा पडला तर घेऊन जातो.

महाराज चार वर्षांचे असताना आई गेली. मग काही वर्षं ते लोणी टाकळीला आजीजवळ वाढले आणि नंतर माधानला आले. १८९६ मध्ये मनकर्णिका यांच्याशी त्यांचं लग्न झालं. शिक्षणाचं काय? ब्रेल लिपी युरोपात होती, पण आपल्याकडे अंधांच्या शाळा नुकत्या कुठे सुरू होत होत्या. पहिली अमृतसरला १८८७ मध्ये निघाली, तर मुंबईत मिस मिलार्ड यांनी १९०० मध्ये शाळा काढली. माधानच्या मुलापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. दुसऱ्याने वाचायचं आणि यांनी ऐकायचं, हीच त्यांची शाळा. ऐकलेलं पक्कं लक्षात राही. वेदान्त, व्याकरण, योग, आयुर्वेद, संगीत, सगळं असं कानांवाटे आत गेलं.

१९०१ मध्ये, विशीच्या आतच, त्यांना ज्ञानेश्वर माउलींचा अनुग्रह झाला असं संप्रदायात मानतात. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवत. अद्वैत आणि कृष्णभक्ती यांची सांगड घालणारा त्यांचा विचार मधुराद्वैत म्हणून ओळखला जातो. नुसती भजनं करून ते थांबले नाहीत. डार्विन आणि स्पेन्सर यांची मतं समजून घेऊन त्यांनी त्यांवर टीका केली. मन आणि आयुर्वेद यांवर मानसायुर्वेद नावाचा ग्रंथ लिहिला. सव्वाशेहून अधिक लहानमोठ्या रचना त्यांच्या नावावर आहेत. त्या त्यांनी तोंडाने सांगितल्या आणि शिष्यांनी उतरवून घेतल्या. माझ्यासारखीला विशेष वाटतं ते हे, की त्यांनी नावंग नावाची एक सांकेतिक भाषाही तयार केली. आज आम्ही इंजिनिअर लोक दोन पडदे समोर ठेवून काम करतो, तरी मागच्या महिन्यात काय लिहिलं ते शोधावं लागतं. त्यांना मागचं पान उलटून बघायची सोय नव्हती, तरी युक्तिवादाचा धागा सुटत नसे.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघं चौतीस. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं, बुद्धी हेच ज्याचे डोळे असा. हा मान त्यांनी कमावलेला आहे. पण त्या शब्दामागे आपण एक गोष्ट झाकून टाकतो. डोळे गेले म्हणून ते मोठे झाले नाहीत, डोळे जाऊनही मोठे झाले. तसं चुकीचं औषध त्या काळात कितीतरी बाळांच्या डोळ्यांत गेलं असेल, आणि त्यांतल्या बहुतेकांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. ती पोरं ओट्यावर बसून राहिली.

महाराजांच्या हयातीतच दोन मोठ्या गोष्टी घडल्या. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी माणसाच्या डोळ्यावर कॉर्नियाचं पहिलं यशस्वी रोपण केलं. तो रुग्ण मजूर होता आणि त्याचे डोळे चुन्याने भाजले होते. आपल्याकडे आजही तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या हातात फुटते आणि चुना डोळ्यात जातो. तसं झालं तर दवाखान्यात निघण्याआधी तिथल्या तिथे भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा, मग निघायचं.

दुसरी गोष्ट १९१३ ची. अमेरिकेत अ जीवनसत्त्वाचा शोध लागला. ते कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो, मग डोळे कोरडे पडतात आणि कुपोषित बाळाला गोवर झाला तर कॉर्निया अक्षरशः विरघळतो. आज आपल्या अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात या जीवनसत्त्वाचा पहिला डोस कधी देतात? नवव्या महिन्यात, गोवराच्या लशीबरोबर. मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत, एकूण नऊ डोस. ज्या वयात महाराजांचे डोळे गेले, त्याच वयात आता डोळे राखणारे थेंब बाळाच्या तोंडात पडतात. गावाकडे सून-लेक असेल तर हे डोस पूर्ण झाले का, एवढं जरूर विचारा.

चुकीचं औषध मात्र अजून संपलेलं नाही. बाळाच्या डोळ्यात काजळ, मध, आईचं दूध, एरंडेल घालणारी घरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. शिकलेल्या घरांत त्याची जागा मेडिकलमधून आणलेल्या ड्रॉप्सनी घेतली आहे. माझ्या मावशीला जिंतूरकडच्या शेतात तुरीचं धसकट लागलं. डोळा लाल झाला. एका दुकानातून तिने थेंब आणले, त्यात स्टेरॉइड होतं. दोन दिवस लाली आणि दुखणं कमी झालं, सगळ्यांना बरं वाटलं. आत बुरशी वाढत होती. झाडाची काडी लागली की बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि स्टेरॉइड शरीराचा प्रतिकार दाबून तिला मोकळं रान देतं. तिला वेगळं, बुरशीवरचं औषध लागतं आणि ते महिनाभरही घालावं लागतं. मावशी मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत आठवडा गेला. त्या डोळ्यात आता पांढरं फूल आहे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, तेव्हाही कितीजणांनी शेजाऱ्याचीच बाटली वापरली, ते आठवा.

आता आपल्या वयाचं. वाचताना पुस्तक लांब धरावं लागतं ती चाळिशी, म्हणजे आतलं भिंग ताठर होणं. त्याला चष्मा पुरतो, पण चष्म्याच्या दुकानात नंबर काढून थांबू नका. डॉक्टरांकडून डोळ्याचा दाब आणि आतली नसही तपासून घ्या. काचबिंदूत बहुधा काही दुखत नाही, कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. वेळेत कळलं तर थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेने उरलेली राखता येते. साखर असेल तर दिसायला काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासायचा. सुरुवातीला पकडलं तर लेसर आणि इंजेक्शनं उपयोगी पडतात.

आईवडिलांचा मोतीबिंदू पिकू द्यायचा, हा जुना समज. आता तीन मिलिमीटरच्या आतल्या छेदातून धुरकट भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, शस्त्रक्रिया अवघड होते, कधी डोळ्याचा दाबही वाढतो. रोजची कामं अडायला लागली की वेळ झाली समजायचं. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही.

शेवटी, कॉर्नियामुळे आलेलं अंधत्व काही जणांचं आजही दूर होऊ शकतं, पण त्यासाठी कुणाचा तरी कॉर्निया लागतो. चष्मा असलेल्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या, साखर असलेल्या माणसाचेही डोळे चालतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढावे लागतात. नेत्रपेढीला फोन करायचा, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. दुःखाच्या घरात हे कुणाला सुचत नाही, म्हणून आधीच घरात बोलून ठेवा. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर मेळाव्याच्या आधी मी आपल्या ग्रुपवर टाकते. तो प्रत्येकाने फोनमध्ये जपून ठेवावा, एवढीच विनंती.