अजिंठ्यालाच वर्ग बनवणारे जे. जे.चे मास्तर : कोण होते जॉन ग्रिफिथ्स?

मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनवर ट्रेनची घाई नसेल तेव्हा एकदा मान वर करून बघा. दगडात कोरलेले प्राणी, पक्षी, पानंफुलं दिसतील. हे कोरीवकाम घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता आणि त्यांच्यावर देखरेख करत होते जॉन ग्रिफिथ्स. पण या मास्तरांचा सगळ्यात मोठा वर्ग भरला तो अजिंठ्यात.

ग्रिफिथ्स मूळचे वेल्सचे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये कला शिकून ते 1865 मध्ये मुंबईत शिकवायला आले. त्याच सुमारास जे. जे.मध्ये रुजू झाले लॉकवूड किपलिंग, म्हणजे 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे वडील.

तेव्हा अशा शाळांमध्ये विद्यार्थी कशावरून चित्र काढायला शिकायचे? तर ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून. ग्रिफिथ्स यांचं म्हणणं वेगळं होतं. इथल्या पोरांना शिकवायचं तर अजिंठ्याइतका चांगला धडा दुसरा नाही, असं त्यांना वाटायचं.

त्यात आणखी एक कारण होतं. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अनेक वर्षं अजिंठ्यात राहून चित्रांच्या प्रती केल्या होत्या. त्या लंडनला गेल्या आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. काम पुन्हा करणं भाग होतं. सरकारने पैसे दिले आणि 1872 च्या हिवाळ्यात ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन निजामाच्या राज्यातल्या अजिंठ्याला पोहोचले. मधल्या काही वर्षांचा खंड सोडला तर हे काम 1885 पर्यंत चाललं.

आज 'कॉपी' म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण इथे नुसतं बघून उतरवणं नव्हतं. लेण्यांत अंधार, भिंतींवर काजळी, गिलावा जागोजागी निखळलेला. अशा भिंतीसमोर कॅनव्हास लावायचा आणि मूळ चित्राच्या आकारातच तैलरंगात प्रत करायची. बोटांची एखादी मुद्रा, मानेचा कललेला कोन, छतावरची कमळं आणि हत्ती, सगळं हाताखालून जायचं. या विद्यार्थ्यांचे म्होरके होते पेस्तनजी बोमनजी, जे पुढे पारशी घरांतल्या रोजच्या जगण्याची चित्रं काढणारे नामवंत चित्रकार झाले. तिकडे मुंबईत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या कुंभारकामात अजिंठ्याची नक्षी मडक्यांवर आणि फुलदाण्यांवर उतरू लागली. माझ्या मते इथे धडा खऱ्या अर्थाने पूर्ण झाला. भिंतीवरची रेघ आता त्यांच्या स्वतःच्या वस्तूवर आली होती.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. चित्रं नीट दिसावीत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश लावलं गेलं. तेव्हा रंग उजळले, पण पुढे तेच व्हार्निश पिवळं पडलं, काळवंडलं आणि चित्रं झाकोळली. 1920 नंतर निजाम सरकारला इटलीहून तज्ज्ञ बोलावून भित्तिचित्रांच्या डागडुजीचं काम करून घ्यावं लागलं. ज्या चित्रांवर या मास्तरांचा इतका जीव होता, त्यांनाच त्यांच्या कामामुळे इजा झाली. ही चूक त्यांच्या नावावर राहणारच.

आणि प्रतींचं काय झालं? त्या गेल्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये. तिथे 1885 मध्ये पुन्हा आग लागली आणि त्यातल्या बऱ्याच नष्ट झाल्या. हे वाचून कुणीही कपाळावर हात मारेल.

ग्रिफिथ्स 1895 मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर 1896-97 मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि ज्यांनी लेणी पाहिली नव्हती त्यांच्यापर्यंत ही चित्रं गेली. 1918 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. आगीतून वाचलेल्या प्रती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. भिंतीवरचा जो भाग नंतर झडून गेला, तो कसा होता हे बघायला अभ्यासक आता जे. जे.च्या त्या विद्यार्थ्यांच्या कॅनव्हासकडेच वळतात.