पर्सिव्हल पॉट

घोट्याजवळ हाड मोडलें असतां त्या मोडीला वैद्यकग्रंथांत फार दिवस पॉटचें नांव चालत आलें. क्रीडांगणावर पाय मुरगळून घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हे गृहस्थ कोण होते तें कळावें, म्हणून हा अल्प परिचय देत आहों.

पर्सिव्हल पॉट ह्यांचा जन्म १७१४ सालीं लंडन शहरीं झाला. पितृछत्र लहानपणींच हरपलें. सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाचे शस्त्रवैद्य एडवर्ड नूर्स ह्यांच्या हाताखालीं ते शिकले व १७४९ सालीं त्याच इस्पितळांत शस्त्रवैद्य झाले.

१७५६ च्या जानेवारींत घोड्यावरून पडून त्यांची नडगी मोडली. हाड कातडें फोडून बाहेर आलें. हिसका बसल्यास मोडकें हाड मांस अधिकच फाडील हें जाणून त्यांनीं कोणास उचलूं दिलें नाहीं. गारठलेल्या रस्त्यावर पडल्या पडल्या एक दार विकत घेतलें, भोयांकडून त्याला दांडे ठोकविले व त्यावर निजून ते घरीं आले. जमलेल्या शस्त्रवैद्यांनीं पाय कापण्याचें ठरविलें. गुंगीचें औषध त्या काळीं नव्हतें. पण जखम कुजून मरण्यापेक्षां पाय गेलेला बरा, म्हणून पॉट ह्यांनींही रुकार दिला. हत्यारें तयार झालीं, इतक्यांत नूर्स आले. त्यांनीं पाय राखून पाहण्याचा सल्ला दिला, आणि पाय वांचला. आम्हांस तरी ह्यांत देवाचा हात दिसतो.

ही मोड घोट्याची होती असें पुष्कळ लोक समजतात, तें बरोबर नाहीं. घोट्याचें वर्णन त्यांनीं पुढें १७६८ च्या ग्रंथांत केलें: बाहेरच्या बाजूचें बारीक हाड खालच्या टोकापासून दोन-तीन इंच वर मोडतें, आंतल्या बाजूचे बंध तुटतात व पाऊल बाहेर कलतें. अशा वेळीं बळानें ओढण्याऐवजीं गुडघा वांकवून पोटरीचे स्नायू सैल करावे, म्हणजे हाड सहज जागीं येतें, असें त्यांचें मत होतें.

घोटा उघडण्याचें मात्र त्यांच्या काळीं कोणी मनांतही आणलें नसतें. १८६७ सालीं लिस्टर ह्यांनीं कार्बोलिक आम्लाची रीत प्रसिद्ध केल्यावर तो मार्ग खुला झाला. आज सांधा डळमळीत असल्यास आधीं पाऊल सरळ करितात, सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत बहुधा थांबतात, आणि मग बारीक हाडाची लांबी व वळण पूर्ववत् करून तें धातूची पट्टी व स्क्रू ह्यांनीं बसवितात. घोट्यांतील हाड किंचित् सरकलेलें राहिलें तरी भार थोड्याच जागेवर पडून सांधा झिजतो. स्नायूंची ओढ तोडावी कशी हा पॉट ह्यांचा प्रश्न त्या टेबलावरही सुटत नाहीं.

१७८८ च्या डिसेंबरांत कडाक्याच्या थंडींत ते एका रोग्यास पाहण्यास दूर गेले. तेथून सर्दी घेऊन परतले, तीच वाढली, आणि २२ तारखेस त्यांचा अंत झाला.