चोखोबाच्या समाधीपाशी अडलेले साने गुरुजी

रमजानमध्ये कधी कधी रोजा सोडायची वेळ कसारा लोकलमध्येच होते. वाशिंद अजून दोन-तीन स्टेशने दूर असते. खजुराची पुडी उघडते, शेजारचा माणूस सरकून जागा करून देतो, कोणी पाण्याची बाटली पुढे करतो. नाक कोणी मुरडत नाही. हे चांगलेच आहे. पण वर्षानुवर्षे एकाच डब्यातून जाणाऱ्या या माणसांना एकमेकांचे कुठे दुखते आहे, याचा पत्ता असतोच असे नाही. ज्याचे त्याच्यापाशी, आपल्याला काय करायचे, असे म्हणून आपण मोकळे होतो आणि त्यालाच सहिष्णुता समजतो. उर्दूत इथे दोन वेगळे शब्द आहेत. एक रवादारी, म्हणजे दुसऱ्याचे वेगळेपण मनापासून मान्य करणे. दुसरा बेहिसी, म्हणजे जाणीवच बधिर होणे. पंचाईत अशी की बाहेरून पाहिले तर दोन्ही सारखीच शांत दिसतात.

पांडुरंग सदाशिव साने यांना हा फरक लहानपणापासून छळत असावा. २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला त्यांचा जन्म झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. आई यशोदा १९१७ साली गेली आणि तिच्या आठवणी त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून लिहून काढल्या. ‘श्यामची आई’ शाळेत वाचले नाही असा मराठी माणूस विरळा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. त्यात एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानलेल्या जातीची एक म्हातारी लाकडाची मोळी पडल्यामुळे खोळंबली आहे. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळातल्या त्या घरातल्या बाईने इतके करणे लहान गोष्ट नव्हती. तिला म्हातारीचा त्रास दिसला, आणि दिसल्यावर ती गप्प बसली नाही. पण आंघोळ राहिलीच. मुलाचे पुढचे आयुष्य पाहिले तर वाटते, ती उरलेली आंघोळ पुसण्यातच त्याने ते खर्ची घातले.

१९२४ पासून ते अंमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुणे, खोल्या झाडणे ही कामे ते न बोलता करून टाकत. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगांची रांग लागली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या भाषा बोलणारे कैदी भेटले. आपल्याच देशातल्या माणसांची भाषा आपल्याला कळत नाही, ही खंत त्यांना तिथे लागली. पुढे ‘आंतरभारती’ची कल्पना निघाली ती यातूनच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी उतरून घेतली, म्हणून ती आज आपल्या हाती आहेत.

या सगळ्याहून मोठी गोष्ट पंढरपूरची. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. शतकानुशतके लाखो वारकरी तिथे माथा टेकवून आत जात राहिले. चोखोबांच्या जातीचा माणूस मात्र त्या समाधीपाशीच थांबायचा. माथा टेकणाऱ्यांच्या मनात त्याच्याविषयी द्वेष होता असे नाही. बहुतेकांना तो दिसतच नसे. रीत आहे, चालत आली आहे, आपण कशाला त्यात पडा. हाच तो बधिरपणा, आणि तो भक्तीच्या अगदी शेजारी नांदत होता. मुसलमान वाचकांनी इथे मान डोलावून पुढे जाऊ नये. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि बाहेर आल्यावर सोयरिकीसाठी बिरादरी विचारायची, हे आपल्याकडेही चालतेच.

गुरुजींनी देऊळ उघडण्यासाठी प्राण पणाला लावायचे ठरवले. सहकाऱ्यांनी सुचवले की आधी लोकांकडे जा. मग काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडले. सेनापती बापट बरोबर होते, सेवा दलाचे कलापथक होते. अनेक गावांत विहिरी आणि देवळे खुली झाली. तरी पंढरपूरचे दार हलेना. १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपवास सुरू केला. देशाचे स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आले होते आणि पुढाऱ्यांना हा उपवास अवेळी वाटत होता. खुद्द गांधीजींनी तो सोडावा असे कळवले. ज्यांच्या शब्दावर गुरुजींनी नोकरी सोडली आणि तुरुंग पत्करला, त्यांचा शब्द त्यांनी या एका वेळी मानला नाही. दादासाहेब मावळणकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळी तयार झाली आणि १० मे रोजी उपवास सुटला.

रोजा ठेवणाऱ्याला या दहा दिवसांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणारा खरा ईमानवाला नव्हे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. रोजा ती गोष्ट पोटाला कळवतो. गुरुजींना देवळात जायला कोणी अडवले नव्हते. ब्राह्मण घरात जन्मलेल्या त्यांच्यासाठी ते दार कधी बंदच नव्हते. दुसऱ्याला मिळालेला नकार त्यांच्या अन्नाच्या आड आला, एवढेच.

पुढच्याच वर्षी गांधीजींचा खून झाला आणि त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. खून त्यांनी केला नव्हता, पण तो आपल्याच समाजातून झाला, म्हणून प्रायश्चित्त आपले, असा त्यांचा हिशेब. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. इतके उघडे मन घेऊन जगणे सोपे नसते. त्यांच्या अंगी नुसता हळवेपणा होता, असे म्हणून काही जण आजही त्यांना बाजूला सारतात. पंढरपूरच्या दाराशी असा हळवेपणा आणखी किती जणांनी दाखवला होता, हे त्यांनी विचारात घ्यावे. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जगाचा निरोप घेतला. वय अवघे पन्नास.

मागे राहिलेल्या लिखाणात ‘इस्लामी संस्कृती’ नावाचे पुस्तक होते. त्यात अरबस्तान आणि पैगंबरांचे चरित्र साध्या मराठीत, जिव्हाळ्याने सांगितले आहे. शेजाऱ्याच्या धर्मात ढवळाढवळ न करणे त्यांना पुरेसे वाटले नाही. त्यांनी तो समजून घेतला आणि आपल्या माणसांना समजावून दिला. गुरुजींच्या निधनानंतर ते प्रसिद्ध झाले. ज्या घरात ‘श्यामची आई’ आहे, तिथे हे पुस्तक क्वचितच दिसते. हिंदू घरात नाही, आणि मुसलमान घरातही नाही.