मालकाचे घर विकत घेणारा खलाशी : रॉबर्ट स्मॉल्स



आपल्या जालन्याहून समुद्र फार दूर. बोटीवर नोकरी केलेला माणूस इकडे क्वचितच भेटतो. तरीही आज एका खलाशाची ओळख करून देत आहोत.

रॉबर्ट स्मॉल्स यांचा जन्म ५ एप्रिल १८३९ रोजी अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात, ब्यूफर्ट गावी झाला. आई लिडिया गुलाम, म्हणून मूलही मालकाचेच. मॅकी नावाच्या या मालकाच्या घरामागे ते वाढले. बाराव्या वर्षी मालकाने त्यांना चार्ल्स्टन बंदरात मजुरीला धाडले. रस्त्यावरचे दिवे लावणे, हॉटेलात वाढपी, धक्क्यावर हमाली, मग शिडे शिवणे आणि शेवटी बोटीचे सुकाणू, अशी कामे त्यांनी केली. मजुरी मालकाकडे जायची. त्यांच्या हाती आठवड्याला एक डॉलर राहायचा.

१८५६ साली त्यांचे लग्न झाले. पत्नी हॅना हीसुद्धा गुलामच. पत्नी आणि मुलीला सोडवायचे तर तिच्या मालकाची मागणी ८०० डॉलरची होती. रॉबर्टजवळ जमले होते १००.

१८६१ साली गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांनी उत्तरेशी युद्ध सुरू केले. स्मॉल्स दक्षिणेच्या ‘प्लँटर’ या लष्करी बोटीवर सुकाणू धरू लागले. १३ मे १८६२ ची पहाट. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेले होते. स्मॉल्स यांनी कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, सोबत्यांसह बोट सोडली आणि दुसऱ्या धक्क्यावर थांबलेल्या बायकामुलांना वर घेतले. पकडले गेलो तर बोट बुडवून सर्वांनी मरायचे, हे आधीच ठरले होते. त्यात लेकरेही होती! वाटेतल्या प्रत्येक किल्ल्यासमोर त्यांनी नेमके इशारे दिले. उजाडण्याच्या सुमारास सम्टर किल्ला मागे पडला. दक्षिणेचे निशाण उतरवून पांढरी चादर चढवली. समोरच्या उत्तरेच्या युद्धनौकेने तोफा रोखल्या होत्या; चादर दिसली म्हणून सारे वाचले.

या कामगिरीबद्दल त्यांना १५०० डॉलर बक्षीस मिळाले. पुढे कर थकल्यामुळे लिलावात निघालेले मॅकींचे घर त्यांनी विकत घेतले. म्हातारपणी भ्रमिष्ट झालेल्या जुन्या मालकीणबाई त्या घरी परतल्या, तेव्हा स्मॉल्स यांनी त्यांना त्यांच्याच खोलीत राहू दिले, असे सांगतात. आम्हाला तरी हे काम बोट पळवण्याहून कठीण वाटते.

लिहायला-वाचायला ते मोठेपणी, शिकवणी लावून शिकले. १८६८ साली राज्याची नवी घटना तयार करणाऱ्या सभेत ते होते आणि सर्व मुलांसाठी मोफत सरकारी शाळांचा आग्रह त्यांनी धरला. मग विधानसभा, राज्याचे वरिष्ठ सभागृह आणि १८७५ पासून देशाची संसद. आपल्या बेथेलचे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ साली अमेरिकेला गेले होते, तेव्हा स्मॉल्स राज्याच्या वरिष्ठ सभागृहात बसत होते.

१८७७ साली लाच घेतल्याच्या आरोपाखाली त्यांना शिक्षा झाली, दोन वर्षांनी माफी मिळाली. खटल्यामागे राजकारण होते असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

१८९५ साली काळ्या लोकांचा मतदानाचा हक्क काढून घेणारी नवी घटना राज्यात आली. सभेत मूठभर काळे प्रतिनिधी होते. छप्पन्न वर्षांचे स्मॉल्स उभे राहून विरोधात बोलले, पण ठराव मंजूर झाला.

फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्यूफर्टला, त्याच घरात त्यांचे निधन झाले.